पक्षाघातोत्तर पुनर्वसन : नवी यंत्रे आणि आपला क्रियापथ

वातव्याधींमध्ये पक्षाघाताइतका कुटुंबाचा कस पाहणारा व्याधी क्वचितच आढळतो. कालपर्यंत शेतात राबणारा वा कारखान्यात कामावर जाणारा मनुष्य एका सकाळी अर्ध्या अंगाने निश्चेष्ट होतो, वाणी अडखळते, घराची सारी घडी विस्कटते. अशा वेळी पहिले काही तास हे सर्वस्वी अद्ययावत रुग्णालयाचे असतात. रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासानंतर सर्वमान्य झाले आहे. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी रुग्णास क्षणाचाही विलंब न लावता पुढे पाठविणे हे आपले पहिले कर्तव्य होय.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतरचा आहे. जीव वाचतो, काही दिवसांत रुग्णास घरी पाठविले जाते, आणि मग नातेवाईक आपल्या दाराशी येतात. त्यांचा प्रश्न एकच असतो : हात-पाय पूर्ववत केव्हा चालतील? अलीकडे त्यास दुसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली आहे : मोठ्या शहरात यंत्राने चालवितात म्हणे, तिकडे न्यावे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती यंत्रे कोणती, ती कशी कार्य करतात आणि त्यांपासून नेमके काय साधते, हे वैद्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शास्त्रकारांची भूमिका

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पक्षाघातासाठी स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे, हे आपण सर्व जाणतो. सुश्रुताचार्यांचे विवेचन अधिक तपशिलाचे आहे. चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात कोणत्या पक्षाघाती रुग्णावर उपचार करावेत, हे सांगताना त्यांनी ज्याची गात्रे म्लान झालेली नाहीत, जो आत्मवान आहे आणि जो उपकरणवान आहे, अशी लक्षणे दिली आहेत. त्यानंतर स्नेहन, स्वेदन, मृदु संशोधन, बस्ती, शिरोबस्ती, अभ्यंग, उपनाह असा क्रम सांगून हा क्रियापथ तीन किंवा चार महिने चालवावा, असा निर्देश केला आहे.

यातील तीन गोष्टी आजच्या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिली, कालमर्यादा. दुसरी, आत्मवान हे विशेषण, म्हणजे स्वतः प्रयत्न करणारा, धीर न सोडणारा रुग्ण. तिसरी, उपकरणवान हे विशेषण, म्हणजे उपचारास लागणारी साधनसामग्री ज्याला उपलब्ध आहे असा रुग्ण. आजची यंत्रे प्राचीनांना ठाऊक होती, असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा शास्त्राचे मोल वाढवीत नाही. मात्र या तीन कसोट्या हाती घेऊन नव्या साधनांचे परीक्षण करता येते, आणि ते उद्‌बोधक ठरते.

मेंदूची पुनर्रचना

मृत झालेला मेंदूचा भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु त्याच्या सभोवतालचे व विरुद्ध बाजूचे चेतातंतू नवे संबंध जोडून हरपलेल्या कार्याचा काही भाग स्वतःकडे घेतात. ही क्षमता पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते. पुढे ती मंदावते, पण पूर्णपणे थांबत नाही. सुश्रुतोक्त कालमर्यादेशी हे सहज जुळते.

या पुनर्रचनेची अट मात्र एक आहे. ज्या हालचालीचा रुग्ण स्वतः प्रयत्न करतो, तीच पुन्हा पुन्हा केल्याने मेंदूत रुजते. दुसऱ्याने केवळ हात उचलून खाली ठेवला, तर सांधा मोकळा राहतो, पण मेंदूस शिकवणूक फारशी मिळत नाही. आधुनिक पुनर्वसनातील बहुतेक साधने या एका तत्त्वाभोवती रचलेली आहेत : प्रयत्न रुग्णाचा आणि आवृत्ती शेकडो.

साधने आणि त्यांची फलश्रुती

विद्युत उत्तेजन हे यांतील सर्वांत जुने. चालताना पाऊल लोंबते अशा रुग्णाच्या टाचेखाली कळ बसवून, टाच उचलताच पायाच्या मज्जातंतूस सौम्य विद्युतप्रवाह देणारे साधन लिबर्सन यांनी १९६१ सालीच वर्णिले होते. आज ते गुडघ्याखाली बांधण्याच्या लहानशा पट्ट्याच्या रूपात मिळते. ज्याच्या हृदयास पेसमेकर बसविला आहे, त्याच्यावर ते तज्ज्ञांच्या अनुमतीवाचून वापरू नये.

दुसरे साधन म्हणजे शरीराचा भार पट्ट्यांनी वर तोलून धरून रुग्णास ट्रेडमिलवर चालविणे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४०८ रुग्णांची तुलना करण्यात आली. काहींना असे यंत्रावर चालविले, तर काहींना घरीच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शक्ती व तोल वाढविणारे व्यायाम दिले. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांच्या चालण्यात सुधारणा झाली होती. परंतु यंत्राचा गट व घरच्या व्यायामाचा गट यांत फरक आढळला नाही.

तिसरे म्हणजे रोबोट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात नेव्हिल होगन व हर्मानो इगो क्रेब्स यांनी हातासाठी असे यंत्र विकसित केले. रुग्णाचा हात यंत्राच्या बाहूत ठेवतात. समोरच्या पडद्यावरील बिंदूकडे तो हात न्यावयाचा असतो. रुग्णास जमले नाही तेवढीच मदत यंत्र करते. एका बैठकीत शेकडो आवृत्त्या होतात. कल्पना सुंदर आहे. परंतु ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या यंत्राने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कार्यात अधिक सुधारणा झाल्याचे दिसले नाही.

चौथे साधन अगदी नवे आहे. मानेतील व्हेगस मज्जातंतूस जोडलेले उपकरण शस्त्रक्रियेने छातीच्या त्वचेखाली बसवितात आणि रुग्ण हाताचा व्यायाम करीत असताना त्या मज्जातंतूस उत्तेजन देतात. १०८ रुग्णांवरील अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. व्याधीस नऊ महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांतही सुधारणा दिसली, हे त्याचे महत्त्व. परंतु येथेही व्यायामावाचून नुसते उपकरण उपयोगाचे नाही.

याउलट, जवळजवळ बिनखर्चाची दोन तंत्रे पाहावीत. पहिले आरशाचे. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात, अवयव तुटलेल्या रुग्णांच्या आभासी वेदनेसाठी आरशाचा प्रयोग केला. पुढे तो पक्षाघातात वापरला जाऊ लागला. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवून, दुर्बल हात आरशामागे झाकून, रुग्णाने आरशात पाहत निरोगी हात हलवावयाचा व त्याच वेळी दुर्बल हात हलविण्याचा प्रयत्न करावयाचा. २०१८ साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा या उपायाने हालचालीत सुधारणा होत असल्याचे दिसले. दुसरे तंत्र म्हणजे निरोगी हातास हातमोजा घालून बांधून ठेवणे व दुर्बल हातासच काम करावयास लावणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या अशा कठोर अभ्यासाचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. ज्याची बोटे व मनगट थोडे तरी हलते, अशाच रुग्णास ते लागू पडते.

मात्रेचा विचार

अधिक व्यायाम म्हणजे अधिक लाभ, असेही नाही. पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत रुग्णास वारंवार व दीर्घकाळ उठवून-चालवून पाहिले. तीन महिन्यांनी त्या गटातील ४६ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ५० टक्के. घाई अंगलट आली. त्याच माहितीच्या पुढील विश्लेषणात थोडा थोडा वेळ, पण वारंवार उठविणे हितकर ठरले. अर्धशक्ती व्यायामाचा जो उपदेश आपल्या संहितांत आहे, त्याचे स्मरण येथे अपरिहार्यपणे होते.

कुटुंबीयांच्या हाती सारे सोपविणे हाही पुरेसा मार्ग नव्हे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करून घेतले गेले. परंतु सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. आमच्या मते यातून नातेवाइकांचा सहभाग निरर्थक ठरत नाही. त्यांच्या पाठीशी नियमित देखरेख करणारा जाणकार हवा, एवढा बोध घ्यावा. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १२४ रुग्णांच्या अभ्यासात, घरी व्यायाम आणि दूरचित्राद्वारे तज्ज्ञांची देखरेख अशी योजना केली असता, हाताची सुधारणा रुग्णालयात जाऊन उपचार घेणाऱ्यांइतकीच झाली.

पुलगावसारख्या ठिकाणी

आमच्या पुलगावपासून वर्धा सुमारे तीस किलोमीटरवर आहे. त्या बाजूस सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. म्हणजे तज्ज्ञ दूर नाहीत. परंतु अर्धांग लुळे पडलेल्या मनुष्यास बस वा रेल्वेने आठवड्यातून तीनदा नेणे, सोबत एका कमावत्या माणसाची मजुरी बुडणे, हे कापूस-तुरीच्या हंगामावर जगणाऱ्या घरास झेपत नाही. दोन-चार फेऱ्यांनंतर जाणे थांबते. मग काही जण जमीन गहाण टाकून महानगरातील यंत्रांकडे धाव घेतात, तर बहुतेक जण रुग्णास खाटेवर निजवून केवळ तेल चोळत राहतात. दोन्हींत ते मौल्यवान तीन महिने हातचे जातात.

येथेच वैद्याचे स्थान आहे. तो गावात आहे, घरी जातो आणि रुग्ण त्याचे ऐकतो. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा तपासून व्यायाम ठरवून द्यावेत, मोबाइलवरून मधूनमधून पाहावे. आणि दैनंदिन देखरेख वैद्याने करावी. अभ्यंग व मृदु स्वेदनानंतर अंग सैल व उबदार असते; तोच काळ व्यायामास योजावा. अभ्यंग करताना रुग्णास निश्चल पडू देऊ नये. प्रत्येक सांध्याच्या वेळी त्यास स्वतः हालचाल करण्याचा प्रयत्न करावयास सांगावे. किती आवृत्त्या झाल्या, याची नोंद नातेवाइकांनी वहीत ठेवावी. बाजारातील साधा आरसा, पाण्याचा पेला, कडधान्याचे दाणे व दोरीवरचे चिमटे ही येथील उपकरणे होत.

घ्यावयाची दक्षता

१. दुर्बल अंगाची संवेदना प्रथम तपासावी. जेथे उष्ण-शीत कळत नाही, तेथे पिंडस्वेद वा नाडीस्वेदाने त्वचा भाजते आणि रुग्णास ते समजतही नाही.

२. दुर्बल हात धरून रुग्णास कधीही ओढू वा उठवू नये. खांद्याचा सांधा निसटतो व पुढे वेदनेमुळे व्यायामच अशक्य होतो. निजताना व बसताना हाताखाली उशी द्यावी.

३. काढा वा कोणतेही पेय देण्यापूर्वी गिळण्याची क्षमता पाहावी. घोटभर पाण्याने ठसका लागला वा आवाज ओलसर झाला, तर तोंडाने काही न देता तज्ज्ञाकडे पाठवावे. द्रव फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

४. एका पायाची पोटरी सुजलेली, उष्ण व दुखरी असेल, तर तेथे मर्दन करू नये. शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते.

५. रक्तदाबाची व रक्त पातळ ठेवण्याची चालू औषधे वैद्याने स्वतःहून बंद करू नयेत. संशोधन मृदुच असावे; बलहानी व जलक्षय टाळावा.

६. रुग्ण खिन्न, अबोल, अश्रुपूर्ण झाला असेल, तर तो हट्ट समजू नये. पक्षाघातानंतर विषादाची अवस्था वारंवार येते व तिच्यावरही उपचार असतात. आत्मवान नसलेला रुग्ण आत्मवान व्हावा, हाही चिकित्सेचा भाग आहे.

७. कायम वैगुण्य राहिल्यास २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यान्वये प्रमाणपत्र मिळू शकते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास शासकीय सवलतींचा मार्ग खुला होतो. चाकाची खुर्ची, कॅलिपर यांसाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना आहे. ही माहिती रुग्णाच्या घरी पोहोचविणे हे औषध देण्याइतकेच मोलाचे आहे.

उपसंहार

नव्या यंत्रांविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. त्यांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली : यंत्र कोणतेही असो, फळ रुग्णाच्या स्वतःच्या व वारंवार केलेल्या प्रयत्नास लागते. म्हणून नातेवाइकांनी विचारल्यास आम्ही असे सांगतो : परवडत असेल व तज्ज्ञाने सुचविले असेल, तर यंत्राचा लाभ अवश्य घ्यावा, मात्र त्यासाठी शेत विकू नये, आणि यंत्राची वाट पाहत घरचा व्यायाम एक दिवसही थांबवू नये. चतुष्पादांपैकी द्रव्य हा केवळ एक पाद आहे. भिषक्, उपस्थाता व रोगी हे उरलेले तीन पाद पुलगावातही आहेत, आणि ते प्रत्येक गावात आहेत. त्यांना तीन-चार महिने एका कामास जुंपणे एवढेच आपल्या हाती आहे. वैद्यबंधुभगिनींनी ते मनावर घ्यावे, ही विनंती.