आंकड्यांचें मैदान

खेळ म्हटला म्हणजे अंगाला घाम, पायांना धूळ आणि मैदानाभोंवतीं आरडाओरडा हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्यांत खेळणाऱ्याच्या हातीं चेंडूहि नाहीं आणि बॅटहि नाहीं, असा एक क्रीडाप्रकार गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत संगणकावर रूढ झाला आहे. त्यांत खेळणारा हा संघाचा व्यवस्थापक असतो. कोणास घ्यावें, कोणास वगळावें, पैसा कोठें खर्चावा हें त्यानें ठरवावयाचें. सामना कसा झाला तें पडद्यावर ओळीओळीनें शब्दांत उमटतें. अशा खेळांचे भक्त निष्ठावंत, परंतु बहुधा संख्येनें थोडे. असें कां व्हावें, याचा येथें विचार करूं.

या प्रकाराचें मूळ संगणकाहून जुनें आहे. अमेरिकेंत १९५१ मध्यें 'अ‍ॅपबा' आणि १९६१ मध्यें हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हे बेसबॉलचे बैठे खेळ निघाले. प्रत्येक खऱ्या खेळाडूचें एक कार्ड, त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून बेतलेलें. फांसा टाकावा आणि कार्ड पाहून निकाल वाचावा. पुढें इंग्लंडांत केव्हिन टॉम्स यांनीं १९८२ मध्यें 'फुटबॉल मॅनेजर' संगणकावर आणला, व १९९२ मध्यें पॉल आणि ऑलिव्हर कॉल्यर या बंधूंनीं 'चँपियनशिप मॅनेजर' काढला. १९९८ मध्यें 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' आला. १९९९ मधील 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' तर मार्कुस हाइन्झोन या जर्मन गृहस्थानें रचला. ज्या देशांत बेसबॉलला फारसें कोणी विचारीत नाहीं, तेथून तो अमेरिकेस गेला!

आपल्याकडे हें सर्वस्वी अपरिचित आहे असें मात्र नव्हे. पाठ्यपुस्तक मिटून उघडावयाचें, पृष्ठांकाचा शेवटचा आंकडा म्हणजे धावा, आणि शून्य आलें कीं गडी बाद, हें 'बुक क्रिकेट' वर्गाच्या मागल्या बाकांवर कित्येक पिढ्या चालत आलें आहे. मास्तरांच्या धाकानें पुस्तकें जप्त होत, पण खेळ बंद पडला नाहीं. न दिसणारा सामना मनानें पाहण्याची हौस स्वाभाविक आहे, याचा हा पुरावा होय. धृतराष्ट्रानें सारें भारतीय युद्ध संजयाच्या मुखानेंच ऐकलें ना?

मग लोक कां वळत नाहींत? चित्रें नाहींत म्हणून, असें सामान्यतः सांगतात. हें उत्तर अपुरें आहे. 'चँपियनशिप मॅनेजर'मध्यें २००३ पर्यंत सामन्याचें वर्णन केवळ शब्दांत येई. तरीहि ब्रिटनमध्यें त्यानें अफाट लोकप्रियता मिळविली. कारण तेथें संघांचीं व खेळाडूंचीं नांवें पोरांच्या तोंडीं आधींच होतीं. शब्द वाचला कीं मैदान दिसे. ज्यास नांवांचा परिचय नाहीं, त्यास तेंच पान रेल्वेच्या वेळापत्रकासारखें रुक्ष वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु क्रिकेटपटूंचीं नांवें तर आपल्या घरोघरीं पाठ आहेत. तरी येथें हा प्रकार फोफावला नाहीं. याचीं दोन कारणें आम्हांस दिसतात. पहिलें, फळ फार उशिरां मिळतें. अमेरिकन बेसबॉलच्या एका हंगामांत प्रत्येक संघाचे १६२ सामने. आज निवडलेला होतकरू पोर कित्येक हंगामांनंतर नांवारूपास यावयाचा. इतका धीर थोड्यांपाशींच असतो. दुसरें, या खेळास प्रेक्षक नाहीं. कॅरमभोंवतीं चौघे खेळतात आणि सहाजण सल्ला देतात. कोष्टकें न्याहाळीत बसलेल्या मुलामागें मात्र कोणी उभें राहत नाहीं. घरांतील वडील माणसांस तो नुसता खुळावलेला दिसतो.

येथेंच एक गैरसमज होतो. पैसे लावून संघ निवडण्याचे खेळ आपल्या देशांत बोकाळले होते, व २०२५ मध्यें कायद्यानें त्यांवर बंदी आली. दोहोंत खेळाडू निवडावयाचे, दोहोंत आंकडे. म्हणून दोन्ही एकाच माळेचे मणी, असें समजणें अन्यायाचें आहे. एकांत लोभ आहे, दुसऱ्यांत अभ्यास. नलराजानें फांशांपायीं राज्य घालविलें. पुढें ऋतुपर्णानें त्यास झाडाचीं पानें व फळें अजमावणारी संख्याविद्या आणि अक्षविद्या शिकविली, तेव्हां तो सांवरला. द्यूताचें समर्थन आम्हीं मुळींच करीत नाहीं. परंतु दैवाच्या हवालीं होणें आणि दैवाचा हिशेब मांडणें यांत अंतर आहे, एवढें ही कथा सांगते.

अशा खेळांच्या कर्त्यांनींहि लोकसंग्रहासाठीं घाई करूं नये. आजच्या 'फुटबॉल मॅनेजर' मालिकेचा २०२५ चा अंक नव्या चित्रयंत्रणेवर उभारतां उभारतां त्या वर्षीच्या फेब्रुवारींत रद्द करावा लागला. २००४ पासून दरसाल निघणाऱ्या मालिकेंत असा खंड प्रथमच पडला.

थोड्यांस आवडणें हा दोष नव्हे. व्याकरणहि थोड्यांसच आवडतें. आपल्या घरीं असा कोणी मुलगा किंवा मुलगी असेल, तर वेळेची मर्यादा अवश्य घालावी, कारण अभ्यास व झोंप यांचें नुकसान कोणत्याहि खेळानें होऊं नये. परंतु रागें भरण्यापूर्वीं एकदां शेजारीं बसून, "बाबा, अमक्यास कां वगळलेंस?" एवढें विचारावें. उत्तरांत कारणें आलीं, तर पोर फुकट बसलेलें नाहीं असें समजावें.