त्रिंकोमाली जहाजाची प्रतिकृति

कागदाची होडी करावयास आपणांस कोणीं शिकविलें हें बहुतेकांस आठवत नाहीं. पहिला पाऊस पडून अंगणांत पाणी सांचलें कीं वह्यांचीं पानें आपोआप कमी होऊं लागतात. परंतु त्या होडींत व खऱ्या जहाजांत साम्य तें नांवापुरतेंच. खऱ्या जहाजाचें प्रत्येक माप एकाच प्रमाणांत लहान करून जी वस्तु बनवावयाची, तिची गोष्ट अगदीं निराळी आहे. गेलें वर्षभर दर शनिवारीं दुपारीं आम्ही व आमचे सात विद्यार्थी ह्या उद्योगांत होतों. त्यांत काय केलें, काय बिघडलें व तें कां बिघडलें, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

जहाज कोणतें घ्यावें ह्याविषयीं पुष्कळ वाद झाला. कोणास आगबोट हवी होती, कोणास कोंकण किनाऱ्यावरचें गलबत. शेवटीं 'त्रिंकोमाली' ठरलें, कारण हें जहाज आपल्या मुंबईचें आहे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखालीं मलबारी सागवानाचें तें बांधलें गेलें व ता. १२ आक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. त्याची घडण मूळची फ्रेंच. १७८२ सालीं इंग्रजांनीं पकडलेल्या 'हेबे' नांवाच्या लढाऊ जहाजावरून ती घेतलेली. बांधणीचे नकाशे मुंबईस निघाले ते 'जावा' जहाजांतून. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यापाशीं अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजानें 'जावा'चा पाडाव केला. त्याबरोबर नकाशेही गेले व दुसरे काढून पाठवावे लागले. ओकच्या लांकडांत लोखंडी खिळे लवकर गंजतात, सागाच्या अंगच्या तेलामुळें तसें होत नाहीं. म्हणून मुंबईचीं जहाजें दीर्घायुषी होत. हें तर दोनशें वर्षांचें झालें. मध्यंतरीं 'फूद्रॉयां' हें नांव धारण करून त्यानें अनेक वर्षें मुलांस दर्यावर्दी शिक्षण दिलें, आणि आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथें तें डागडुजी करून ठेविलेलें आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत तें सर्वांत जुनें होय.

आम्हीं एका फुटास अष्टमांश इंच हें प्रमाण धरलें, म्हणजे खरें जहाज प्रतिकृतीच्या ९६ पट. तोफांच्या मजल्यावर त्याची लांबी सुमारें १५० फूट आहे, ती पावणेएकोणीस इंच झाली. रुंदी सुमारें ४० फूट, ती ५ इंच. आणि साडेपांच फूट उंचीचा खलाशी पाऊण इंचाहूनही ठेंगणा झाला. लांबी ९६ पटीनें घटली तरी पृष्ठभाग ९,२१६ पटीनें व घनफळ ८,८४,७३६ पटीनें घटतें, हें फळ्यावर मांडून दाखविलें तेव्हां भूमितीचा कंटाळा करणारे दोघे विद्यार्थीही जागे झाले. लांकडाचे तंतु, सुताची जाडी, सरसाचा थेंब व माणसाचें बोट हीं मात्र कांहीं केल्या लहान होत नाहींत. प्रतिकृतीच्या कामांतील सारी अडचण ह्या एका गोष्टींत आहे.

उदाहरणार्थ, मूळ जहाज सागाचें, तेव्हां आपणही सागच वापरावा, असा मुलांचा आग्रह होता. पण सागाचीं छिद्रें नुसत्या डोळ्यांस दिसतात. इंचाच्या शंभराव्या भागाएवढें छिद्र ह्या प्रमाणानें खऱ्या जहाजावर जवळजवळ एक इंच रुंदीची भेग ठरेल! शिवाय ज्या तेलानें खिळे टिकतात त्याच तेलामुळें सागाला सरस नीट धरत नाहीं. म्हणून शिवणीचें लांकूड घेतलें. तें हलकें, मऊ व सरळ तंतूंचें असून हवेनें फारसें वांकत नाहीं.

जहाजाचा नकाशा तीन अंगांनीं काढलेला असतो. एक बाजूनें पाहिल्याप्रमाणें, एक वरून पाहिल्याप्रमाणें, व तिसरा समोरून. हा तिसरा नवशिक्यास गोंधळांत पाडतो, कारण त्यांत एकांत एक अशा वक्र रेषांचें जाळें दिसतें. काकडीच्या चकत्या करून त्या एकीवर एक ठेवाव्या व प्रत्येकीची कड पेन्सिलीनें गिरवावी, तसा तो प्रकार आहे. प्रत्येक रेषा म्हणजे जहाजाचा त्या त्या ठिकाणचा आडवा छेद. ते छेद पातळ तीनपदरी लांकडावर उतरवून कापले व कण्याच्या खांचांत बसविले म्हणजे बरगड्या तयार झाल्या. ह्या कामास नकशीकामाची बारीक करवत, एक अर्धगोल व एक चपटी कानस, लहान रंधा, पाव इंची पटाशी, हातानें फिरवावयाचें लहान गिरमीट, मेजाला आवळावयाचा लहान शेगडा व गुण्या एवढीं हत्यारें पुरलीं. फडक्यावर मांडलीं तर तीं एका मेजावर मावतात. पटाशीस धार मात्र रोज लावावी. बोथट पटाशीस जोर लावावा लागतो, आणि जोर लावला कीं बोट कापतें. आमच्याकडील टिंक्चर आयोडीनची बाटली ह्याची साक्ष देईल.

बरगड्या बसल्या म्हणजे लागलीच पट्ट्या मारूं नयेत. नाळेकडील व मागील टोंकाकडील बरगड्यांच्या कडा चौकोनी राहिल्या असतां पट्टी नुसत्या कोपऱ्यावर टेकते. म्हणून एक बारीक लवचीक पट्टी बरगड्यांवर आडवी धरून पाहावी, जेथें ती टेकत नाहीं वा उचलली जाते तेथें कानशीनें कड उतरवावी, पुन्हां धरावी. ह्यांत आमचे पांच शनिवार गेले व मुलें कुरकुरूं लागलीं. तो काळ व्यर्थ गेला असें मात्र नाहीं.

नंतर पट्ट्यांचा हिशेब. मध्यभागीं बरगडीच्या कडेची लांबी कागदाच्या पट्टीनें मोजली ती पावणेपांच इंच भरली. पाव इंची पट्ट्या १९ लागणार. तीच लांबी नाळेपाशीं अवघी दोन इंच व तीन अष्टमांश. पट्ट्या तितक्याच, जागा निम्मी. तेव्हां प्रत्येक पट्टी नाळेकडे निमुळती होत अष्टमांश इंचावर आली पाहिजे. (खऱ्या जहाजाची फळी एक फूट रुंद धरली तर आमची पट्टीही सर्वत्र अष्टमांश इंचच हवी होती. मुलांच्या हातांकडे पाहून आम्हीं ती दुप्पट केली, हें कबूल करतों.) पट्टी गरम पाण्यांत भिजवून, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वांकवून, वाळल्यावर सरसानें बसवावी.

येथें आमची चूक झाली. एक पट्टी उजवीकडे बसविली कीं दुसरी डावीकडे, असा क्रम ठेवावा लागतो. वांकविलेली पट्टी सरळ होऊं पाहत असते. दोन्ही बाजूंचा ओढा सारखा असला तर कणा मध्यें स्थिर राहतो. परंतु स्नेहसंमेलन जवळ आलें होतें, आणि निदान एक बाजू तरी पाहुण्यांस पुरी दिसावी, ह्या मोहानें आम्हींच उजवी बाजू आधीं करावयास सांगितलें. अकरा पट्ट्या झाल्या. जहाज फार सुंदर दिसूं लागलें. तेव्हां इयत्ता सहावींतील एका मुलानें, जो केवळ कानशी पुसावयास येत असे, एक डोळा मिटून नाळेकडून पाहिलें व म्हटलें, "सर, जहाज वांकडें आहे."

दोरा ताणून पाहिला. कण्याचा मध्य दोऱ्यापासून अष्टमांश इंच सरकला होता, म्हणजे खऱ्या जहाजांत एक फूट! थोरल्या मुलांनीं सुचविलें कीं डावी बाजू भिंतीकडे करून ठेवावी. कोणास कळणार आहे? लाज वाटते पण सांगितलें पाहिजे कीं आम्हीं त्यास मान डोलाविली, व एक आठवडा जहाज तसेंच भिंतीस लागून राहिलें. त्या मुलानें पुन्हां कांहीं म्हटलें नाहीं. कानशी पुसून तो निघून गेला. पुढच्या शनिवारीं तो आला नाहीं. त्याला ताप आला होता हें मागाहून समजलें, परंतु त्या दुपारीं आम्हांस तें ठाऊक नव्हतें, आणि त्याच दुपारीं आम्हीं स्टोव्हवर पाणी तापत ठेविलें.

सरसाचा गुण असा कीं ऊन पाणी लागलें कीं तो सुटतो. चिंध्या ऊन पाण्यांत बुडवून पट्ट्यांवर ठेवल्या व पातळ सुरीनें अकराही काढल्या, तीन मोडल्या. कणा दोन सरळ रुळांमध्यें आवळून पंधरा दिवस ठेविला. स्नेहसंमेलनांत जहाजाऐवजीं त्याचा सांगाडा मांडला गेला. एका पाहुण्यांस तो मोठ्या माशाचा वाटला, व दुसऱ्यांनीं "वर्षांत एवढेंच झालें का?" असें विचारलें. त्यानंतर एक उजवी, एक डावी अशा अडतीस पट्ट्या बसल्या. आज दोरा लावला तर केसभर फरक अजूनही दिसतो. तो जाणार नाहीं.

डोलकाठ्यांविषयीं थोडक्यांत. गोल काठी एकदम तासूं नये. चौकोनी पट्टी घेऊन टोंकाकडे निमुळती करावी, मग आठकोनी, मग सोळाकोनी, व शेवटीं कांचकागदानें गोल. आडकाठ्यांस बांबूच्या चिवट्या उत्तम. लांकडी खुंट्यांसाठींही बांबूच घेतला व सोनाराची तार ओढण्याची पोलादी पट्टी मागून आणून तिच्या भोंकांतून काड्या ओढल्या. दोरांचें माप जहाजांवर घेरानें सांगत. आठ इंच घेराच्या दोराचा व्यास अडीच इंच, व आमच्या प्रमाणांत तो इंचाच्या चाळिसाव्या भागाहून किंचित् अधिक. सुती दोऱ्याची लव त्या मानानें झाडाच्या फांदीएवढी दिसते, यास्तव दोरा मेणाच्या वडीवरून दोनदां ओढून घ्यावा.

मागील डोलकाठीचे दोर अद्याप बांधावयाचे आहेत. जून महिन्यांत काम पुन्हां सुरू होईल. ज्या विद्यार्थ्यांस यावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं दोन वाजतां सुतारकामाच्या खोलींत यावें, व नखें कापून यावें. दोरा नखांत अडकतो.