काटा शून्यावर आहे, पण का?

बियाण्यांइतकंच जालन्याचं नाव सळईसाठी घेतलं जातं. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवतात ते इंडक्शन भट्टीत, सुमारे 1600 अंश सेल्सिअसला. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या क्वाइलमधून वीज वाहते आणि क्वाइलच वितळू नये म्हणून तिच्या पोटातून पाणीही. धातू आणि पाणी यांच्यामध्ये रॅमिंग मास या उष्णतारोधक भुकटीचं काही इंचांचं अस्तर, एवढाच आडपडदा. तो झिजून धातू क्वाइलला भिडला, तर पाण्याची वाफ होऊन ती सुमारे 1700 पट फुगते. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्याच एका स्टील कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार होरपळले.

हे टाळण्यासाठी भट्टीला गळती ओळखणारं उपकरण असतं. तळाच्या अस्तरातून वर आलेल्या तारा धातूला टेकून त्याला अर्थिंगशी जोडतात. क्वाइलवर लहानसा डीसी विद्युतदाब सोडलेला असतो. अस्तर पातळ झालं की झिरपणारा प्रवाह वाढतो, काटा चढतो, भट्टी ट्रिप होते.

आता हे उपकरण चुकतं कसं? नव्या अस्तरात ओल असली तर उगाच ट्रिप होतं. उत्पादन बुडतं, माणसं वाचतात. हा सुरक्षित बाजूचा बिघाड. पण अस्तर भरताना तळाची तार तुटली किंवा गाडली गेली, तर प्रवाहाला वाटच उरत नाही. काटा शून्यावर निवांत, पॅनलपुढचा माणूसही निवांत. आयईसी 61508 या सुरक्षा-मानकाच्या वर्गवारीत हा धोकादायक आणि लपलेला बिघाड. 2005 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत मनोरा भरत असताना मीटरही असंच फसवं, पातळी उतरत असल्याचं दाखवत होतं. 15 जण मेले.

कित्येक सेन्सरांचं माप मुद्दाम 4 मिलिअँपिअरपासून सुरू करतात ते याचसाठी. तार तुटली की आकडा शून्यावर येतो आणि बिघाड आपण होऊन उघडा पडतो. तळाच्या तारेला ही सोय नाही. वीज बंद करून, धातूत प्रोब बुडवून तारेशी जोड शाबूत आहे का, हे नियमाने तपासावंच लागतं.

मला मात्र जास्त धास्ती वाटते ती ‘सुरक्षित’ बिघाडाची. रात्रपाळीत दोन-तीनदा फुकट ट्रिप झालं की कुणीतरी जम्पर मारतो, म्हणजे तार जोडून उपकरणाला वळसा देतो. हीट, म्हणजे धातूची ती खेप, निघते, जम्पर तसाच राहतो, आणि पुढच्या पाळीला त्याचा पत्ताही नसतो. खरं तर ट्रिपचं कारण सापडेपर्यंत भट्टीला वीज द्यायचीच नसते. नव्या अस्तरातली ओल पहिल्या संथ तापवणीत नीट घालवली, तर असे फुकटचे ट्रिप मुळातच कमी होतात. पण त्या तापवणीचे तास उत्पादनातून जातात.