परदेशातील रात्रीची सायकलफेरी : परतीचे नियोजन आधी

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. ज्या काडू मल्लेश्वर मंदिरावरून या वस्तीला नाव मिळाले, त्या मंदिराच्या १६६९ च्या शिलालेखाशी छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव निगडित आहे. राज्यकारभारानिमित्त दूर जाण्याचे ते दिवस सरले. आता हौसेखातर दूर जाण्याचे दिवस आहेत. सँकी तलावाभोवती पहाटे सायकल चालवणाऱ्या मित्रमंडळींना एखाद्या वर्षी परदेशातही सायकल चालवावी असे वाटू लागले, तर त्यात नवल नाही. परंतु अशा सहलीत उत्साहाइतकेच महत्त्व नियोजनाला आहे, आणि त्या नियोजनाचा आरंभ परतीच्या प्रवासापासून व्हावयास हवा.

लंडन ते डनिच

उदाहरणादाखल इंग्लंडमधील ‘डनिच डायनॅमो’ ही सायकलफेरी पाहू. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमात जुलैच्या पौर्णिमेजवळच्या शनिवारी सायंकाळी शेकडो सायकलस्वार पूर्व लंडनमधील लंडन फील्ड्स या उद्यानापासून निघतात. एपिंगचे जंगल, फिंचिंगफील्ड, सडबरी, नीडम मार्केट, फ्रॅमलिंगम या मार्गाने सुमारे १८० किलोमीटर अंतर रातोरात कापून ते सफोक परगण्यातील डनिचच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतात. ही पौर्णिमा बहुधा आपल्या आषाढातील, म्हणजेच गुरुपौर्णिमा असते. मध्ययुगात डनिच हे भरभराटीचे बंदर होते. १२८६ मधील वादळापासून समुद्राने ते हळूहळू गिळंकृत केले आणि आज तेथे एक लहानसे खेडे उरले आहे.

ही स्पर्धा नव्हे. तीत क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत आणि मागून येणारी मदतीची गाडीही नाही. प्रत्येकाने स्वतःची व आपल्या गटाची काळजी स्वतः घ्यावयाची असते. म्हणूनच पूर्वतयारीची जबाबदारी अधिक वाढते.

वेळेचे गणित

ताशी सरासरी १८ किलोमीटर वेग धरल्यास १८० किलोमीटरला दहा तास लागतात. विश्रांती, खाणे व पंक्चर यांसाठी दोन तास धरावेत. रात्री आठ वाजता निघालेला गट सकाळी आठच्या सुमारास पोहोचेल. जुलैमध्ये तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास आणि सूर्योदय पाचच्या आसपास होत असल्याने खरा अंधार आठ तासांपेक्षा कमीच असतो. तथापि पहाटेची थंडी लक्षात घेऊन एक उबदार कपडा जवळ असावा. इंग्लंडमध्ये वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, ही सोय आहे. रात्री सायकलीला पुढे पांढरा व मागे लाल दिवा तसेच मागे लाल परावर्तक असणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे.

गट आठ जणांपेक्षा मोठा नसावा. वारीतील दिंडीप्रमाणे येथेही क्रम आणि शिस्त हवी. अनुभवी स्वार एक पुढे व एक सर्वांत मागे असावा, आणि वेग सर्वांत संथ सदस्याच्या बेताने ठरावा.

परतीची रेल्वे : खरी कसोटी

डनिचला रेल्वे स्थानक नाही. सर्वांत जवळचे स्थानक डारशम, सुमारे १० किलोमीटरवर. तेथून इप्सविचकडे जाणाऱ्या गाड्या लहान असतात आणि त्यांत सायकलींना जागा मोजकीच असते. त्यातच पोहोचण्याचा दिवस रविवार. ब्रिटनमध्ये रविवारी गाड्या कमी धावतात आणि रुळांच्या दुरुस्तीची कामे अनेकदा त्याच दिवशी काढली जातात. तेव्हा गाडीऐवजी बस सोडली जाते, आणि अशा बसमध्ये घडी न होणारी सायकल सहसा घेतली जात नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला हे स्थानकावर कळले, तर त्याची अवस्था बिकट होते. त्याच रात्रीचे विमान असेल, तर तिकिटाचे पैसेही बुडतात.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, डनिचहून सुमारे ५० किलोमीटर सायकल चालवत इप्सविच गाठणे. तेथून लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकासाठी मोठ्या गाड्या मिळतात. परंतु झोप न झालेल्या अवस्थेत, दिवसाच्या रहदारीत हे अंतर कापणे धोक्याचे आहे. दुसरा, सायकल-मंडळाने परतीसाठी बस व सायकलींसाठी ट्रक यांची व्यवस्था केली असल्यास त्यात वेळेवर जागा राखून ठेवणे. तिसरा आणि दुरून येणाऱ्यांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे रविवारी त्याच परिसरात मुक्काम करून सोमवारी, गर्दीची वेळ टळल्यावर, दोन-तीन जणांच्या तुकड्यांनी वेगवेगळ्या गाड्यांनी परतणे. सायकलीसाठी आरक्षण लागत असल्यास ते तिकिटासोबतच करावे. विमान मंगळवारपूर्वीचे घेऊ नये.

घरच्या घरी रंगीत तालीम

मल्लेश्वरम ते म्हैसूर हे सुमारे १४० किलोमीटर अंतर तालमीस उत्तम. मात्र बंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी व सायकलींना मनाई आहे. बाजूच्या सेवारस्त्यानेच जावे. परतताना सायकल डब्यात नेता येत नाही. पार्सल कार्यालयात नोंदवून ती ब्रेकव्हॅनमधून न्यावी लागते. त्यासाठी लागणारा वेळ, सायकल बांधणे, पावती सांभाळणे हा अनुभव परदेशी उपयोगी पडतो. विमानात सायकल खोक्यात भरताना पेडल काढणे, हँडल वळवणे व टायरमधील हवा कमी करणे हेही आधी करून पाहावे. सायकलीचे वजन व शुल्क यांचे नियम प्रत्येक विमान कंपनीचे निराळे असल्याने तिकीट काढण्यापूर्वीच चौकशी करावी.

पैशाची व्यवस्था

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. खात्याचा उतारा हा त्यातील महत्त्वाचा पुरावा. अर्जापूर्वी अचानक जमा झालेली मोठी रक्कम शंका निर्माण करते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता वा खर्च करता येते. ही मर्यादा व्यक्तीची आहे, गटाची नव्हे. म्हणून सर्वांचा खर्च एकाच्या नावे करू नये. लागू होणारा उगमस्थानी संकलित कर पुढे विवरणपत्रात समायोजित होतो. त्याचे चालू दर शाखेत विचारून घ्यावेत.

प्रत्येकाने स्वतःचे विदेशी चलन कार्ड आणि थोडे सुटे पौंड जवळ ठेवावेत. नेहमीचे डेबिट वा क्रेडिट कार्ड नेणार असल्यास त्यावरील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सुविधा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी. दुकानात बिल रुपयांत घ्यावे की पौंडांत असे विचारल्यास पौंडच निवडावेत. रुपयांतील दर सहसा महाग पडतो. प्रवास विम्यात सायकल चालवताना होणारा अपघात आणि सायकलीची चोरी यांचा समावेश आहे का, हे पॉलिसीच्या अटींत वाचून घ्यावे. सामाईक खर्चाचा हिशेब एकाने ठेवावा आणि रोज रात्री सर्वांना दाखवावा. मैत्री टिकवण्याचा तो स्वस्त उपाय आहे.

कर्ज घेण्यापूर्वी परतफेडीचा विचार करावा, असा सल्ला बँका नेहमी देतात. दूरच्या सहलीलाही तोच नियम लागू पडतो. जाण्याची वाट उत्साह दाखवतो. सुखरूप घरी आणते ते आधी राखून ठेवलेले परतीचे तिकीट, हाती ठेवलेला एक मोकळा दिवस आणि वेळीच केलेली तरतूद.