वऱ्हाडी 'डोया', यूएसबी मायक्रोफोन आणि ड्रायव्हर

अकोला-अमरावतीकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात आणि काळ्याला 'काया'. प्रमाण मराठीतला ळ वऱ्हाडीत य होतो, हे भाषेच्या शिक्षकांना माहीत असते. पण एखाद्या आजीबाईंनी नेमका ळ उच्चारला, य उच्चारला की दोहोंच्या मधलेच काही, हे ठरवायला ऐकल्याची आठवण पुरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रण लागते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात निरनिराळ्या जिल्ह्यांतील लोकांचे बोलणे असेच मुद्रित करून ठेवले आहे. लहान प्रमाणावर हे काम आपल्या शाळेतील मुलेही करू शकतील. एक संगणक आणि एक यूएसबी मायक्रोफोन असला की झाले.

मायक्रोफोनची वायर संगणकात खोचली की दोन-चार सेकंदांत तो वापरता येतो. सोबत सीडी नाही की काही नाही. संगणकाने तर हा मायक्रोफोन पूर्वी कधी पाहिलेला नसतो. मग त्याच्याकडून आवाज कसा घ्यायचा हे त्याला कळते कसे?

संगणकाला जोडलेल्या उपकरणाशी बोलणारा, ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. १९९० च्या दशकात प्रत्येक साउंड कार्डाचा ड्रायव्हर निराळा असे आणि तो फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून आधी भरून घ्यावा लागे. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. ती घडवणाऱ्यांपैकी इंटेलमधले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे १९९८ मध्ये, ध्वनीच्या सर्व यूएसबी उपकरणांनी कसे वागावे याचे एक सामाईक नियमपत्रक निघाले. त्यामुळे ड्रायव्हर एकेका कंपनीसाठी लिहिण्याऐवजी 'ध्वनी' या सबंध वर्गासाठी एकदाच लिहिता येऊ लागला. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये असा ड्रायव्हर मुळातच असतो.

जोडल्याबरोबर संगणक उपकरणाला विचारतो, "तू कोण?" उत्तरादाखल उपकरण स्वतःची माहितीपत्रके पाठवते. त्यात कंपनीचा क्रमांक असतो आणि वर्गाचा क्रमांकही. ध्वनीचा वर्ग १, कीबोर्ड-माउसचा ३, पेन ड्राइव्हचा ८. १ हा आकडा दिसला की ध्वनीचा ड्रायव्हर पुढे होतो आणि बाकीची पत्रके वाचू लागतो: आवाज कोठून आत येतो, मध्ये तो कमीजास्त करण्याची सोय आहे का, सेकंदाला किती नमुने घेता येतात, प्रत्येक नमुना किती बिटांचा. पडद्यावर आपण आवाजाची पट्टी सरकवतो तेव्हा तिची खालची आणि वरची मर्यादाही उपकरणानेच कळवलेली असते. काही स्वस्त उपकरणे येथे चक्क चुकीची माहिती देतात. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अशा उपकरणांची एक लांबलचक यादीच आहे, 'हे असे सांगते, पण त्यावर विश्वास ठेवू नका' अशा थाटाची. ती वाचताना मोठी करमणूक होते.

ओळख पटली, आता आवाज वाहून न्यायचा. पेन ड्राइव्हवरची माहिती वाटेत बिघडली तर संगणक ती पुन्हा मागवतो, उशीर झाला तरी चालतो. आवाजाचे तसे नाही. त्याची रीत अकोल्याहून अमरावतीला सुटणाऱ्या एस.टी.सारखी आहे. जागा आधी राखलेल्या असतात. वेळ झाली की गाडी सुटते, आणि जो राहिला तो राहिला. साध्या यूएसबी मायक्रोफोनची अशी एक गाडी दर मिलिसेकंदाला सुटते. सेकंदाला ४८,००० नमुने म्हणजे एका गाडीत ४८ नमुने. १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटचा नमुना धरला आणि डावा-उजवा असे दोन आवाज धरले, तर १९२ बाइट. सीडीच्या मापाने ४४,१०० नमुने घेतले तर गंमत होते: एका मिलिसेकंदाला ४४.१ नमुने येतात आणि नमुन्याचा तुकडा तर पाडता येत नाही. मग नऊ गाड्यांत ४४ आणि दहावीत ४५ असा हिशेब बसवतात. जागा राखण्याचे कामही ड्रायव्हर गरजेपुरतेच करतो. मुद्रण चालू नसेल तेव्हा तो उपकरणाला शून्य जागेच्या स्थितीत ठेवतो.

आलेले नमुने ड्रायव्हर स्मृतीतल्या एका साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, टाकतो आणि मुद्रणाचा प्रोग्राम ते तेथून उचलतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरी टाकी असते, तशीच ही व्यवस्था. फरक एवढाच की येथे भीती टाकी रिकामी होण्याची नसून भरून वाहण्याची आहे. संगणक दुसऱ्या कामात गुंतला, साठा वेळेवर उपसला गेला नाही, की नवे नमुने वाया जातात. २० मिलिसेकंदांचा खंड पडला तर कानाला फार तर 'टक्' असा आवाज येईल. पण ळ उच्चारताना जीभ मागे वळून टाळूला लागते आणि झटक्यात पुढे येते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या काही शतांश भागात आटोपतो. खंड नेमका तेथे पडला तर 'डोळा'मधला ळच नाहीसा होईल, आणि आजीबाईंचा ळ गेला अशी नोंद आपण करून बसू! म्हणून बोलीचे मुद्रण करताना प्रोग्राममध्ये बफर मोठा ठेवावा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज तत्काळ ऐकायचा असतो, त्याला लहान बफर हवा. आपल्याला ती घाई नाही.

मुद्रणाचे प्रोग्राम आवाज 'सुधारण्या'ची जी सोय देतात ती बंद करावी. हे काम ड्रायव्हरच्या वरच्या पातळीवर होते, आणि त्यात शब्दाचे हलके शेवट गोंगाट समजून कापले जाऊ शकतात.

नियमपत्रकाची दुसरी आवृत्ती २००६ ची. तिच्यासाठीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये २०१७ साली, विंडोज १० मध्ये आला. त्यामुळे शाळेतला संगणक विंडोज ७ चा असेल आणि मायक्रोफोन फक्त दुसऱ्या आवृत्तीचा, तर तो कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालणार नाही. दुकानदार 'मायक्रोफोन बिघडला' म्हणाला तरी आधी हे तपासावे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आहे. दोन संगणकांना एकेक यूएसबी मायक्रोफोन जोडून दोन्हींवर एकाच वेळी मुद्रण सुरू करा. मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा आणि बरोबर तासाभराने दुसरी. मग दोन्ही मुद्रणांत, दोन टाळ्यांमध्ये किती नमुने पडले ते मोजा. आकडे सहसा जुळणार नाहीत, कारण प्रत्येक मायक्रोफोन स्वतःच्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळाने नमुने घेतो. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० इतकाच फरक असला तरी सेकंदाला २.४ आणि तासाला ८,६४० नमुने होतात, म्हणजे ०.१८ सेकंद. मुद्रण करताना ड्रायव्हर मुकाट्याने मायक्रोफोनच्या घड्याळाप्रमाणे चालतो आणि कधी ४७, कधी ४९ नमुने आले तरी घेतो. ध्वनी ऐकवताना मात्र उलट होते: चांगल्या प्रतीची बाह्य उपकरणे संगणकाला मधूनमधून कळवतात की आमच्या घड्याळाने आता किती नमुने हवेत, आणि ड्रायव्हर पुढच्या गाडीत तेवढेच भरतो.