प्रशासकीय काळाचा हिशेब कोण मागणार?

लोकनियुक्त सभागृह नसले तरी शहर चालते, हा अनुभव महाराष्ट्रातील महानगरांनी अलीकडेच घेतला. नळांना पाणी येत होते, रस्त्यांवर दिवे लागत होते, करांची देयके घरोघरी पोचत होती. मग नगरसेवकांवाचून अडले कोठे, असा प्रश्न अनेक सुशिक्षित नागरिक विचारताना दिसतात. हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटला तरी वस्तुतः धोक्याचा आहे. चंद्रपूरच्या उदाहरणावरून तो तपासून पाहणे उचित ठरेल.

चंद्रपूर महानगरपालिका ऑक्टोबर २०११ मध्ये अस्तित्वात आली. तिच्या २०१२ आणि २०१७ मध्ये निवडणुका झाल्या. दुसऱ्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२२ मध्ये संपली. त्यानंतरचे मतदान मात्र १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली सुमारे पावणेचार वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुंबईतही मार्च २०२२ पासून हेच घडले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वाद न्यायालयात रेंगाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावरच मार्ग मोकळा झाला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे १९९३ पासून अमलात असलेली ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. ती आज्ञा राज्यभर मोडली गेली आणि त्याबद्दल कोणासही जाब द्यावा लागला नाही.

या काळात नेमके काय हरपले? १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने सत्तेची जाणीवपूर्वक विभागणी केलेली आहे. आयुक्ताने अंमलबजावणी करावी, सोळा सदस्यांच्या स्थायी समितीने खर्चाची छाननी करून मंजुरी द्यावी आणि सर्वसाधारण सभेने धोरण ठरवावे, अशी ती रचना आहे. एवढेच नव्हे, तर मुख्य लेखापरीक्षकाने हिशेबांची दर आठवड्यास तपासणी करून स्थायी समितीला अहवाल द्यावा, असेही त्यात नमूद आहे. प्रशासक येताच सभेचे आणि समितीचे अधिकार त्याच्याच ठायी एकवटतात. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजुरी देणारा तोच, आणि लेखापरीक्षणातील आक्षेप वाचणाराही तोच! परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार होय. अधिकारी सचोटीचा आहे की नाही, हा येथे मुद्दाच नाही. सचोटीच्या माणसालाही विचारणारा कोणी असावा लागतो, हे लोकशाहीचे गृहीतक आहे.

तथापि नगरसेवक सारे धुतल्या तांदळासारखे असतात, असे कोणी म्हणणार नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणात विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरविले. त्यांत लोकप्रतिनिधींचा मोठा भरणा होता. त्या प्रकरणाची तक्रार २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी दाखल केली होती. म्हणजे तेथे पहिला निकाल लागण्यासच तेरा वर्षे लोटली. खुद्द चंद्रपुरात सभागृह अस्तित्वात असतानाही गोंडकालीन रामाळा तलावाच्या शुद्धीकरणासाठी 'इको-प्रो'चे बंडू धोतरे यांना २०२१ च्या आरंभी उपोषणास बसावे लागले. जे काम सभागृहातील एका खड्या प्रश्नाने मार्गी लागावयास हवे होते, त्यासाठी एका नागरिकाला अन्नत्याग करावा लागला. तात्पर्य, निवडणूक ही आवश्यक अट आहे. ती पुरेशी मात्र नाही.

मग पुरेसे काय? त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही ग्रामसभेकडे आले. तेथील निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि पैशाचा व्यवहार ज्यांचा पैसा त्यांच्यासमोर मांडला जातो. या प्रयोगामागे देवाजी तोफा यांच्यासह गावकरी होते, तसे चंद्रपूरच्याच 'वृक्षमित्र' संस्थेचे दिवंगत मोहन हिराबाई हिरालालही होते. जंगलातील गावाला जे साधले, ते २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाख २० हजारांवर लोकवस्ती असलेल्या शहराला साधू नये, याची खंत वाटते.

गावाची रीत शहराला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे मान्य. परंतु कायद्याने त्याची सोय केलेली आहे. तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटना सांगते. मात्र त्यांत प्राधान्य नगरसेवकांनाच राहिले. मतदारांच्या क्षेत्रसभा भरवाव्यात, अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये केली. ती बहुतांश कागदावरच राहिली. ग्रामसभेला जो मान आहे, तो क्षेत्रसभेला मिळू नये, अशी सोय कोणाची आहे, हे सुज्ञांस सांगावयास नको.

म्हणून चंद्रपूरच्या ६६ नगरसेवकांसमोरचे पहिले कर्तव्य स्पष्ट आहे. एप्रिल २०२२ पासूनच्या प्रशासकीय कारभाराचे लेखापरीक्षण अहवाल सर्वसाधारण सभेत वाचले जावेत, त्यांवर चर्चा व्हावी, आणि मोठ्या कंत्राटांची श्वेतपत्रिका मराठीत प्रसिद्ध व्हावी. यात पक्षभेदाला जागा नाही. कारण त्या काळात कोणताही पक्ष सभागृहात नव्हता. दुसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. ते म्हणजे क्षेत्रसभा भरवून स्वतः मतदारांच्या प्रश्नांना सामोरे जाणे.

आणि नागरिकांचे काय? शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाला अंदाजपत्रक वाचता येते, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता येतो. जो वर्ग वाचू शकतो, त्याने वाचण्याचे टाळले, तर जाब न देणाऱ्यांना दोष देण्याचा त्याचा अधिकारही उणावतो. सभागृह परत आले, हे चांगलेच झाले. त्याला बोलते करणे आता आपल्या हाती आहे.