नख मागचं सांगतं

(व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवातीला एक काम करा. डाव्या हाताची तर्जनी समोर धरा आणि तिच्या नखाकडे नीट बघा. ७ मे २०२४ रोजी आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा याच बोटाला शाई लागली होती. ती शाई कशी गेली, आठवतंय का? कातडीवरची काही आठवड्यांत निघून गेली. नखावरची मात्र निघेना. कुणी लिंबू चोळलं, कुणी घासून पाहिलं. ती नुसती पुढे सरकत राहिली. मुळाशी कोरं नख दिसायला लागलं, आणि शेवटचा काळा तुकडा आपण नखं कापताना कापून टाकला. २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला गेलो, तेव्हा बोट पुन्हा कोरं होतं.

म्हणजे सगळ्या जिल्ह्यानं एकाच दिवशी एक प्रयोग सुरू केला होता, आणि त्याचं उत्तरही प्रत्येकानं स्वतःच्या बोटावर पाहिलं. नख मुळाशी तयार होतं आणि पुढे सरकतं. एकदा बाहेर आलेलं नख बदलत नाही. आजचं सगळं व्याख्यान या एवढ्याच गोष्टीवर उभं आहे.

नख बनतं कुठे?

आपण ज्याला नख म्हणतो तो कडक पापुद्रा मृत असतो. केस ज्या केराटिनचे बनतात, त्याचंच नखही. म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग आहे तो मुळाशी, कातडीखाली झाकलेला. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आपण नखाचं मूळ म्हणू. अंगठ्याच्या नखावर पांढरट चंद्रकोर दिसते ना, तो या मुळाचाच बाहेरून दिसणारा भाग. नखाखाली गुलाबी गादी असते. तिच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. नख दाबून सोडलं की ते पांढरं होतं आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर बोटाच्या टोकाला लावायचं ते इथलं रक्त वाचण्यासाठीच. आणि नेलपॉलिश काढायला सांगायचे तेही त्यासाठीच.

आता मुळाशी नखाला चिकटून असलेली बारीक कातडी बघा. तिला क्यूटिकल म्हणतात. बाटलीच्या बुचासारखं तिचं काम आहे. पाणी, माती, जंतू मुळापर्यंत जाऊ नयेत म्हणून ती फट बंद करते. बऱ्याच जणींना ती कापून नख 'साफ' करायची सवय असते. कापू नका. तिचं महत्त्व पुढे येईलच.

वेग किती?

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं किंवा त्याहून कमी. हाताचं पूर्ण नख नव्यानं यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

आपल्या महाराष्ट्रात याचा एक जगप्रसिद्ध दाखला आहे. पुण्याचे श्रीधर चिल्लाळ. त्यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ती कापली, तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर होती, आणि एकट्या अंगठ्याचं नख १९७.८ सेंटिमीटर. हिशोब करा. ६६ वर्षांत १९८ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला ३ सेंटिमीटर, महिन्याला अडीच मिलिमीटर. पुस्तकातल्या आकड्याच्या जवळच आलो. मात्र त्या नखांपायी त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला, हेही लक्षात ठेवा.

आडवी रेघ कधीची?

हा वेग माहीत असला की नख वाचता येतं. समजा, एखाद्याच्या सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच आहे. मुळापासून ती ९ मिलिमीटरवर आहे. ९ भागिले ३, म्हणजे साधारण तीन महिन्यांपूर्वी काहीतरी झालं. विचारलं की आठवतं: "हो, तेव्हा डेंग्यू झाला होता." जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, अशा वेळी शरीर नखाचं काम थोडे दिवस बंद ठेवतं. त्या खाडाची नोंद म्हणजे ही खाच. तिला औषध लागत नाही. ती पुढे सरकते आणि निघून जाते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बुलढाणा जिल्ह्यात दिसली. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आणि एप्रिलमध्ये त्याच भागातल्या काही लोकांची नखं विद्रूप होऊन गळायला लागली. गावात पुन्हा घबराट, नवा रोग आला म्हणून. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आणि बाधितांच्या शरीरात जस्त कमी आढळल्याचं मांडलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही गळतात, हे जुनंच ज्ञान आहे. मग नखं तीन-चार महिने उशिरा का? केस मुळाशी कमकुवत झाला की लगेच हातात येतो. नखाच्या मुळाशी झालेली इजा मात्र बाहेर दिसायला वेळ लागतो. एप्रिलमधलं नख जानेवारीची गोष्ट सांगत असू शकतं. हे माहीत असेल तर घाबरण्याऐवजी माणूस मागचे महिने तपासतो: काय खाल्लं, कुठलं पाणी प्यालो.

काळं नख: रक्त की दुसरं काही?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक चालत येतात. पंचेचाळीस किलोमीटर. नंतर अनेकांच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडतं. ठेच लागून किंवा चप्पल-बूट घासून नखाखाली रक्त साकळतं. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी.

पण नखाखाली कर्करोगही होतो. मेलानोमा. तो क्वचितच आढळतो, मात्र तो होतो तो बहुधा अंगठ्यालाच, हाताच्या किंवा पायाच्या, आणि 'मार लागला असेल' म्हणून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. मग ओळखायचं कसं? पुन्हा मतदानाची शाई आठवा. रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. मोबाईलवर आज फोटो काढा, दोन महिन्यांनी पुन्हा काढा. डाग पुढे गेला तर चिंता नाही. पण मुळापासून टोकापर्यंत उभा काळा पट्टा असेल आणि तो हलतच नसेल, तर रंग मुळातूनच तयार होतोय.

आपल्यासारख्या सावळ्या लोकांत असे बारीक पट्टे बऱ्याच नखांवर असतात, आणि ते सहसा साधे असतात. पट्टा एकाच नखावर असेल, नव्यानं आला असेल, रुंद होत असेल, किंवा काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरला असेल, तर दोन महिने थांबूसुद्धा नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

नखुरडं आणि बुरशी

नखाच्या कडेला ठणका, सूज, पू. हे नखुरडं. बोट लिंबात खोचून बसायची जुनी पद्धत आहे. थोडं बरं वाटत असेल, पण पू झाला असेल तर तो काढावाच लागतो. मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरा प्रकार दबक्या पावलांनी येतो. धुणी-भांडी करणाऱ्या बाया, हॉटेलात काम करणारी मुलं, भूम भागात खव्याच्या भट्टीवर कढया घासणारे कामगार. दिवसभर हात पाण्यात. क्यूटिकल झिजते, बूच निघतं, आत ओल साचते. कडा सुजलेल्या राहतात आणि नख खडबडीत होतं. इथे नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही. हात कोरडे ठेवणं, आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालणं, हाच मुख्य उपचार आहे.

पायाचं नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं की बुरशीची शंका येते. पण सोरायसिसनंही नख असंच होतं. म्हणून आधी नखाचा कीस तपासून घ्या. मेडिकलमधून कुठलीही ट्यूब आणू नका. अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं आणि त्यानं बुरशी फोफावते. बुरशीच्या गोळ्या हाताच्या नखांना साधारण दीड महिना आणि पायाच्या नखांना तीन महिने लागतात, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोळ्या संपल्या तरी नख खराबच दिसतं, आणि लोक म्हणतात, "औषधाचा गुण आला नाही." अहो, खराब झालेलं नख सुधारत नाही, ते कापूनच जायचं असतं. मुळाशी नवं नख कसं येतंय ते बघा.

चमच्यासारखं नख

नख मधे खोलगट झालं, इतकं की पाण्याचा थेंब त्यावर थांबतो, तर रक्तातलं लोह तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यातल्या सगळ्यांची नखं अशी होत नाहीत, म्हणून नख सपाट आहे म्हणजे रक्त चांगलं, असं मात्र धरू नका.

याउलट बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली, तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्यायला हवं.

श्रोत्यांचे प्रश्न

*नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी का?*

नाही. लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला की आपण नखांवर नखं घासून कवडी मागायचो, आणि ठिपका दिसला की बगळ्यानं दिली म्हणायचो. खरं कारण म्हणजे मुळाला लागलेला बारीकसा मार, जो त्या वेळी लक्षातही येत नाही. तोही पुढे सरकतो आणि जातो.

*वडिलांना साखर आहे. पायाचं नख कडेनं रुततं. नराणीनं काढू का?*

घरी कोरू नका. मधुमेहात पायाला जखम कळत नाही आणि ती लवकर भरत नाही. नख सरळ कापा, कोपरे गोल कोरू नका, आणि रुतलेलं नख डॉक्टरांकडूनच काढून घ्या. रोज रात्री त्यांचा पाय उजेडात बघा. म्हाताऱ्या माणसाला वाकून स्वतःच्या अंगठ्याचं नख दिसत नाही. ते घरातल्या कुणीतरी बघायला हवं.